खालचा सूर

माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा सासूबाई नागपूरहून मस्कतला आल्या. बॅगेत कपडे कमी, चिवडा जास्त, आणि वर हिंदी भजनांचं एक पुस्तक. "पुण्यतिथीला त्याचं आवडतं भजन गायचं," म्हणाल्या. "चारही सुरांत."

हे चार सूर म्हणजे सासूबाईंच्या माहेरचा इतिहास. त्या गोंड. छत्तीसगडमधल्या एका मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती मिशनच्या आवारात त्यांचे वडील वाढले. अमेरिकेतून आलेल्या, शस्त्राला हात न लावणाऱ्या त्या साध्या माणसांनी गोंडांच्या मुलांना शाळा दिली, दवाखाना दिला, आणि ढोल फाटकाबाहेर ठेवायला लावला. प्रार्थनेत वाद्य नाही, नुसते गळे. म्हणून एकच गाणं चौघांनी एकाच वेळी चार वेगळ्या सुरांत गायचं. माझा नवरा या मिशनचा इतिहास लिहीत होता. "ढोल काढून घेतला आणि सूर दिले. याला देणगी म्हणायचं की सौदा?" असं जेवताना विचारायचा आणि आमटी गार करायचा. उत्तर काही सापडलं नाही. घरातला खालचा, भारदस्त सूर मात्र त्याचा.

आता मस्कतमधल्या आमच्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये तालीम सुरू झाली. वरचा सूर मुलीचा, मधले दोन आम्हा सासूसुनांचे. खाली कुणीच नाही. गाणं डुगडुगायला लागलं.

"आजी, फोनवर बेसचा, खालच्या सुराचा ट्रॅक आहे. लावू?"

"फोनला काय माहीत माझा पोरगा कसा गात होता ते?" सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "राहू दे मग. गाणंच नको." त्या दुपारी जेवल्या नाहीत.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे भाईजान चौकशीला आले. मूळचे रत्नागिरीचे, मत्रहच्या बाजारात अत्तराचं दुकान, नवऱ्याचे बुद्धिबळातले जोडीदार. लिफ्टमध्ये खोकले तरी अख्ख्या इमारतीला कळतं, असा घसा. सासूबाईंनी तो ऐकला आणि सरळ विचारलं, "का हो, गाल का?"

"अम्मा, तुमच्या देवाचं गाणं मी?"

"शब्द नका म्हणू. नुसतं हं करा."

"हं तर मी घरी दिवसभर करतो. बायकोला विचारा!"

पुण्यतिथीला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. पहिलं कडवं सुरेख लागलं. दुसऱ्यात त्यांची बोटं टेबलावर चालायला लागली. गावाकडच्या लग्नांत डफ वाजवलेला हात तो.

सासूबाईंनी तळवा वर केला. "वाजवायचं नाही."

भाईजाननी हात मांडीखाली घेतले. पुन्हा सुरुवात केली, तर सूर घसरला. परत केली, परत घसरला.

"अम्मा, हात बांधले की गळाही बांधला जातो," ते ओशाळून म्हणाले. "माफ करा. मी जातो."

ते उठले असते तर गाणं तिथेच राहिलं असतं. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी सासूबाईंकडे. त्या पुस्तकाकडे बघत बसल्या.

"वाजवा," शेवटी म्हणाल्या. "पण हळू."

सगळी कडवी झाली. शेवटच्यात माझा आवाज गेला, पण खाली आधार होता, कुणाला कळलं नाही.

मग चहा झाला. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी सासूबाई म्हणाल्या, "तो ढोल नव्हता. टेबल होतं."

"टेबलच अम्मा," भाईजान म्हणाले. "आणि काय लाकूड आहे!"