छावणीत घेतलेली सही

आमच्या दूध सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकात सह्या आधी व्हायच्या आणि मजकूर नंतर. ही पद्धत मी पाडली नाही, पण सेक्रेटरी म्हणून नोकरीभर मीच ती चालवली. सभेची वेळ आणि दूध घालायची वेळ एकच असायची. सभासद किटली रिकामी करायचा, फॅट किती लागली ते ऐकायचा आणि मी बुक पुढे केलं की उभ्या उभ्या सही किंवा अंगठा करून वाटेला लागायचा. पानाचा वरचा भाग मी कोरा ठेवायचो आणि सवडीने भरायचो. अमुक विषयावर साधकबाधक चर्चा झाली, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. माझं अक्षर चांगलं होतं. ऑडिटरसुद्धा कौतुक करायचे.

या पद्धतीने कुणाचं वाईट झालं नाही, असं मी लोकांना सांगत आलो. एका घराचं झालं, आणि ते माझ्या हाताने झालं.

डेन्मार्कमधल्या एका शेतकरी संस्थेची माणसं आमच्या जिल्ह्यातला दूधधंदा बघायला आली होती. जाताना त्यांनी एक योजना दिली. दूध घालणाऱ्या घरातलं एक हायस्कूलचं मूल वर्षभर तिकडे शेतकऱ्याच्या घरी राहील आणि तिथल्या शाळेत जाईल. राहणं, जेवण, शाळा त्यांची. विमानाचं भाडं, गरम कपडे, विमा हे आपलं. त्यासाठी लिटरमागे पाच पैसे कापायचे, असं चेअरमननी मांडलं. ती सभा मात्र खरोखर झाली होती. लिंबाखाली चाळीस-पन्नास माणसं बसली होती.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "तिकडं म्हशी हायेत का?"

"गायी आहेत, आजोबा."

"मंग आपलं पोरगं एवढ्या लांब जाऊन गायीच राखनार?"

"इथं तरी कुठं कलेक्टर झालंय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

हशा थांबला तेव्हा एक सभासद उठले. एक म्हैस, दीड एकर कोरडवाहू. बौद्धवाड्यातून दूध घालणारं ते एकटंच घर. सुरुवातीला त्यांचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्या, असं दोघा-तिघांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्या गोष्टीचा मला पुढे कितीतरी वर्षं अभिमान वाटायचा. ते म्हणाले, "पाच पैशानं कुनी मरत न्हाई. कुनाचं तरी लेकरू जाईल, बघून येईल." ठराव मंजूर झाला.

दोन वर्षं पैसे कापले. मग शाळेत लेखी परीक्षा झाली, बीडला मुलाखती झाल्या. निकालाचं पत्र सोसायटीच्या पत्त्यावर आलं. पहिली आली ती त्याच सभासदाची मुलगी. दुसरा चेअरमनचा पुतण्या.

मी दूध केंद्रावर सगळ्यांसमोर पत्र वाचलं. मुलीचे वडील एकदम म्हणाले, "लई लांब हाय हो. पोरगी हाय. एक वरीस कसं काढंल?" हे वाक्य तिथे उभ्या असलेल्या वीस जणांनी ऐकलं. आठ दिवसांत तेच वडील पासपोर्टचे कागद घेऊन तहसीलच्या चकरा मारू लागले, हे मात्र फक्त मी पाहिलं, कारण अर्ज मी भरून दिला होता.

त्या साली पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या. उन्हाळ्याच्या आधीच चाऱ्याची छावणी लागली आणि निम्मं गाव जनावरांबरोबर तिकडेच राहायला गेलं. केंद्रावर येणारं दूध दोन कॅनवर आलं. अशातच चेअरमननी मला घरी बोलावलं.

"सेक्रेटरी, त्या पोरीचा बाप नगं म्हनत होता ना?"

"पहिल्या दिवशी म्हणाले होते."

"मंग झालं तर. तेवढं ठरावात घ्या."

योजनेचा नियम असा होता की पहिल्या मुलाच्या पालकाने लेखी माघार घेतली तरच दुसऱ्याला जाता येईल. चेअरमन काही ओरडले नाहीत की धमकावलं नाही. ते म्हणाले, "दुष्काळात लोकाच्या घरी ज्वारी न्हाई अन् हिला इमानात बसवायची? उद्या लोक मलाच शिव्या देतील. मी काय तिचं वाईट करतोय का? बारावी होऊ द्या, नर्सिंगला लावू तिला." पुतण्याला पाठवलं तर लोक शिव्या देणार नाहीत का, हे मी विचारलं नाही. मग त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "अन् तुमच्या कायम नेमणुकीचं बी याच सभेत घेऊन टाका. किती दिस हंगामी राहता?"

दुसऱ्या दिवशी बुक सायकलला लावून मी छावणीत गेलो.

ते म्हशीपुढे उसाचे वाढे टाकत होते. म्हशीच्या बरगड्या मोजता येत होत्या. मला पाहून त्यांनी हात पुसले.

"कशाची सही हाय, साहेब?"

"सभेची."

"कवा हाय सभा?"

"झाली समजा. आता कोण येतंय सभेला?"

"अन् माझ्या पोरीचं?"

"तेच चाललंय," मी म्हणालो.

बाकीचे बहुतेक अंगठा द्यायचे. ते सही करायचे. मुलगी चौथीत असताना तिने पाटीवर गिरवून घेऊन त्यांना शिकवली होती आणि ते हे प्रत्येक वेळी सांगायचे. शेवटचं अक्षर ओळीखाली उतरायचं. त्या दिवशीही त्यांनी बुक गुडघ्यावर घेऊन सावकाश सही केली. पेन परत देताना हळूच म्हणाले, "केजच्या बाजारातून स्वेटर आनलाय तिला. दुकानदार हसला, म्हनला उन्हाळ्यात कोन घेतं का? तिला दावला न्हाई अजून. निघायच्या दिवशी देनार. तुमी बोलू नका."

मी बोललो नाही. ते एक वचन मी पाळलं.

दुपारी ऑफिसात बसून मी पान भरलं. ठराव क्रमांक चार: संबंधित पालकांनी दुष्काळी परिस्थितीमुळे आपल्या पाल्यास पाठविण्यास असमर्थता दर्शवून स्वखुशीने माघार घेतली. ठराव क्रमांक पाच: सेक्रेटरींची नेमणूक कायम करणेत येत आहे. दोन्ही ठराव एकाच पानावर आहेत. खाली सह्या आहेत. लिहिताना माझा हात थरथरला असं लिहिलं तर आज मला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं आहे.

ठरावाची नक्कल शाळेत गेली आणि चार दिवसांनी मुलगी एकटीच ऑफिसात आली. चेअरमन बसलेले होते. ती म्हणाली, "काका, शाळेत सांगतात माझं नाव काढून टाकलं. कावून काढलं?"

चेअरमन माझ्याकडे बघून म्हणाले, "दाखवा तिला बुक."

मी पान उघडलं. तिने चौथा ठराव बोट फिरवत वाचला आणि बोट खाली सहीवर आलं. ओळीखाली उतरलेल्या त्या अक्षरावर थांबलं. ती सही तिनेच शिकवलेली होती. ती एवढंच म्हणाली, "आबांचीच हाय," आणि गेली.

दुसऱ्या दिवशी वडील आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"साहेब, मी कवा माघार घेतली?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, लई लांब आहे म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय."

"म्हनलो होतो," ते म्हणाले. "ठराव ऱ्हाऊ द्या. पोरगी बोलत न्हाई माझ्याशी. म्हनती, तुमी भ्यालात अन् वरून खोटं बोलता. तुमी एक डाव तिला सांगा, मी नगं म्हनलो न्हाई. तुमचं ऐकंल ती."

"सांगतो," मी म्हणालो.

ठराव लिहिणं हा एका दुपारचा गुन्हा होता. चेअरमन, हंगामी नोकरी, दुष्काळ, अशी त्याला निदान नावं देता येतात. पण हे 'सांगतो' मी त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं रोज मोडलं, आणि त्यात माझ्यावर कुणाचाच दाब नव्हता. रस्त्यात भेटले की ते थांबायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी दुधाचं काहीतरी बोलायचो. पुढे त्यांनी थांबणं सोडलं.

पुतण्या गेला. गावाने हार घातले, हलगी वाजली. मुलगा वाईट नव्हता. वर्षाने परत आला तेव्हा माझ्यासाठी निळी लोकरीची टोपी घेऊन आला. मी ती थंडीत घालायचो. केंद्रावर, त्या सभासदाचं दूध मापतानासुद्धा.

सोसायटी पुढे बंद पडली. दप्तर कुणी मागितलं नाही, ते माझ्या घरी पेटीत राहिलं. मुलगी स्वतःच्या जोरावर शिकली, केजला शिक्षिका झाली. नर्सिंगचं कुणी नावही काढलं नाही. वडील गेले तेव्हा मी मातीला गेलो होतो. मागे उभा राहून परत आलो.

यंदा पेटीला वाळवी लागली म्हणून दप्तर उन्हात टाकलं. कडेची पानं खाल्लेली होती. ते पान शाबूत होतं. अजून चार महिन्यांनी तेही खाल्लं गेलं असतं आणि मी सुटलो असतो, हा विचार माझ्या मनात आला. तो आला म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी बुक पिशवीत घालून केजच्या जीपमध्ये बसलो.

तिने दार उघडलं. आता तीही रिटायर झालेली, डोळ्यांना जाड चष्मा. ओळखलं. पाणी दिलं. मी पाणी न पिता सगळं सांगितलं. कोऱ्या पानाचं, छावणीचं, चहाच्या कपाचं, दारात मागितलेल्या शब्दाचं. शेवटी स्वेटरचं.

ती स्वेटरपर्यंत हलली नव्हती. मग म्हणाली, "लाल होता."

"मी पाहिला नव्हता."

"ते दर थंडीत घालायचे. बाह्या कोपरापर्यंत यायच्या. गल्लीतली पोरं हसायची, मीपण हसायचे. म्हणायचे, आबा, मापाचं तरी घेत जा." तिने चष्मा काढला. "कुणासाठी आणला होता, त्यांनी एकदापण सांगितलं नाही."

मी बुक उघडून तिच्यासमोर ठेवलं. तिने पान वाचलं, पाचवा ठरावही वाचला.

"हे पान फाडा," ती म्हणाली.

"फाडता येत नाही, बाई. पानांना नंबर असतात." माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

ती हसली. ते हसू मला सहन झालं नाही. "नियम अजून पाठ हायेत तुम्हाला, काका. मग नियमानं करा. शेवटच्या पानावर लिहा, माझ्यासमोर. आधी लिहा. सही मग."

मी लिहायला घेतलं. हात आता कापतो, तरी ओळी सरळ आल्या. लिहून झाल्यावर बुक तिच्याकडे दिलं. तिने मुलांच्या वह्या तपासाव्यात तसा एकेक शब्द वाचला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

मी लिहिलं होतं: ठराव क्रमांक चारमध्ये अनवधानाने चुकीची नोंद झाली आहे.

"अनवधानाने?" ती म्हणाली. "नोंद झाली? आपोआप झाली का?"

एवढ्या वर्षांनी, तिच्या घरात, तिच्या वडिलांच्या सहीसमोर बसलो होतो, आणि तरी हाताने तेच वाक्य काढलं होतं. मी ओळ खोडली. खाली लिहिलं: सदर पालकांनी माघार घेतली नव्हती. त्यांची सही मी कोऱ्या पानावर घेतली आणि खोटा ठराव जाणूनबुजून लिहिला. त्यांनी मुलीला सांगितलेलं खरं होतं.

तिने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग माझी सही झाल्यावर खाली आपली सही केली.

"आता हे बुक कोण वाचणार, काका?" तिने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"गावातल्या वीस जणांनी ऐकलं होतं, आबा लांब हाय म्हणाले ते. जे उरलेत त्यांना तरी कळू द्या. लोक वाचतील असं कुठंतरी लिहा. आणि ते अनवधानानं नको."

बुक तिने ठेवून घेतलं. माफीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता. ती म्हणाली, "प्या आता," म्हणून मी प्यालो आणि निघालो.

तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. छापायला देण्याआधी हे कागद तिला वाचायला पाठवतो आहे. तिने वाचल्यावरच मी खाली सही करणार आहे.