गच्चीवरची गाणी

माण गावात आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. तिच्या आवडत्या बँडचा नवा अल्बम आला, तेव्हा तिने मैत्रिणींना गच्चीवर बोलावले. मी तिथेच कुरडया वाळत घालत होते. देवापुढे बसावे तशी ती डोळे मिटून ऐकत होती.

गाणी संपली. एक मैत्रीण म्हणाली, "छे यार, पहिल्यासारखे नाही राहिले हे."

"आपण तरी कुठे राहिलोय?" भाडेकरू मुलीचे डोळे भरले होते. "मला वाटायचं, मी एकटीच बदललेय."

कुठल्या परक्या माणसांच्या गाण्यात हिला स्वतःचे मन सापडले होते. भाडेकरूंशी मी कधी बोलत नाही, पण तोंडून निघालेच, "आणिक एकदा लाव की गं."