दादाने मिशी काढली तेव्हा

आमच्या घरात ओठावरच्या केसांना दोन वेगवेगळे कायदे होते. मी चौदा-पंधरा वर्षांची होते. माझ्या ओठावर थोडी लव होती, ती आई दर रविवारी डाळीचं पीठ, हळद आणि साय लावून घासून काढायची. ओठ लालबुंद होई, डोळ्यांतून पाणी येई, आणि आई म्हणे, "रडू नकोस, पुढे माझं नाव काढशील." आणि थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, ओठावर जे होतं त्याला हात लावायची खुद्द दादाची टाप नव्हती. माझं जायलाच हवं होतं, त्याचं राहायलाच हवं होतं. विचारलं आम्हा दोघांनाही कोणी नव्हतं. मला याचा भयंकर राग यायचा, आणि तो राग मी त्या काळात दादाच्या मिशीवर काढत असे.

आम्ही इंदुरात छत्रीबागेत राहायचो, नदीच्या अंगाला. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते संस्थानच्या कचेरीत होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि अप्पांना पेन्शनीत काढलं. त्यांची पगडी कापूर घालून ट्रंकेत गेली, दरबारी अंगरखा त्याच ट्रंकेत गेला, आणि त्या दिवसांपैकी बाहेर उरली ती एक मिशी. जाड, टोकांशी जराशी वर वळलेली. ताक प्यायले की ती पांढरी व्हायची आणि अप्पा उपरण्याच्या टोकाने आधी डावी बाजू पुसत, मग उजवी. दादाला हुबेहूब तशीच मिशी फुटली होती. गल्लीतले लोक त्याला लांबून बघून अप्पा समजत आणि जवळ आल्यावर हसत. अप्पांना याचं किती कौतुक होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण असं कोणी म्हटलं की त्यांचा हात आपल्या मिशीकडे जाई.

मुलाने मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर, असा आमच्याकडे रिवाज. पुण्याचे मामा, आजोबा ठणठणीत असताना, सफाचट फिरायचे आणि आम्हाला हसायचे. पण आमची मराठी घरं गल्लीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळी माळव्यातली माणसं. त्यांच्यात तरण्या माणसाची मिशी उतरलेली दिसली की काय झालं ते विचारावं लागत नसे.

दादा मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून होता. ते सरकार उन्हाळ्यात इंदुरात बसे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, त्यामुळे दादाही अर्धं वर्ष इथे आणि अर्धं तिथे. असाच एका उन्हाळ्यात तो घरी असताना अप्पा नर्मदास्नानाला म्हणून ओंकारेश्वरला गेले. अप्पा गावात नाहीत हे बघूनच दादाने बेत केला असणार. सकाळी कचेरीत जाण्याआधी तो कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली बसणाऱ्या न्हावीबाबांकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, बाल एकदम बारीक करो. और मूंछ भी उतार दो."

हे पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. न्हावीबाबांचा हात थांबला. त्यांनी लहानपणापासून दादाचे केस कापले होते. त्यांनी काही विचारलं नाही, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपले डोळे पुसले. दादाला वाटलं, म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास होतोय. आईला तोंड दाखवायचा धीर नव्हता म्हणून तो तिथूनच सायकलवर टांग मारून कचेरीत गेला.

दुपारी आई पडवीत गहू निवडत होती. समोरच्या काकी, म्हणजे कापडाच्या दुकानवाल्यांच्या घरच्या, डोक्यावरून पदर घेऊन आल्या, आईजवळ बसल्या आणि एकदम रडायला लागल्या.

"भाबी, धीरज रखो," त्या म्हणाल्या. "अपने हाथ में कुछ नी है."

"पण झालं काय? क्या हुआ?" आई म्हणाली.

काकींनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. या बाईला अजून सांगितलेलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या हळूच म्हणाल्या, "बड़े भैया ने मूंछ उतरवा ली. सुबे, नीम के नीचे."

आईला यापुढे काही ऐकावं लागलं नाही. अप्पा नर्मदेवर गेलेले, तिथल्या घाटावर दरवर्षी कोणी ना कोणी वाहून जातं. दादाला आधी कळलं, आपल्याला सांगायची हिंमत झाली नाही, तो परस्पर पुढचं करायला गेला, असं तिने मनाशी जुळवलं. ती ओरडली नाही. तिने सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "गहू आत ने. पायाखाली येतील." एवढंच. मी गहू आत नेले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिले. माझे वडील मेले आहेत, असं मी मनात म्हणून बघत होते आणि मला ते खरं वाटत होतं.

थोड्या वेळात बायकांनी पडवी भरली आणि बाहेर ओट्यावर पुरुष पांढरी उपरणी घेऊन बसले. कुणातरी वयस्क बाईने आईचा हात धरला आणि उंबऱ्यावर आपटला. एक बांगडी फुटली, काच मनगटात रुतली. तेवढ्यात दारात टांगा थांबला.

अप्पा उतरले. हातात नर्मदेच्या पाण्याचा तांब्याचा गडू होता. ओट्यावरची मंडळी धडपडून उभी राहिली. अप्पांनी सगळ्यांकडे पाहिलं, चेहरा उतरला, आणि त्यांनी विचारलं, "कौन गया?"

अप्पा लोकांना बाजूला सारत आत आले. आईने मान वर करून त्यांना बघितलं. मग ती पुढे झाली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तेव्हा कुठे रडली. तिच्या मनगटाचं रक्त त्यांच्या धोतराला लागलं.

संध्याकाळी दादा शीळ घालत आला. तोवर ओटा रिकामा झाला होता. अप्पांनी त्याचं डोकं पाहिलं, ओठ पाहिला. मी जीव मुठीत धरून उभी होते, पण आवाज चढला नाही.

"मी जिवंत आहे," अप्पा म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीने यावर पोट धरून हसून घेतलं. आमच्या घरात कोणी हसलं नाही. दादाने बांगडीबद्दल आईचे पाय धरले. पण अप्पांनी आईकडून निरोप दिला, मी असेपर्यंत त्या ओठाला पुन्हा वस्तरा लागता कामा नये, तेव्हा दादा म्हणाला, "बांगडीची माफी मागितली. ओठाची मागणार नाही. ओठ माझा आहे." तिथून बापलेकांचं बोलणं बंद पडलं. जे काय असेल ते आईच्या मार्फत. "त्याला विचार, वीजबिल भरलं का." "त्यांना सांग, भरलं." दोघे एका पंगतीला बसत आणि मधे आई भाकरीबरोबर निरोपही वाढत असे.

दादा रोज सकाळी मागच्या अंगणात विहिरीजवळ आरसा टांगून स्वतःच दाढी करायचा. वस्तरा पट्ट्यावर परजल्याचा आवाज अप्पांच्या खोलीपर्यंत जाई. एकदा मी त्याला विचारलं, "कशाला काढलीस रे?"

"आरशात बघितलं की अप्पाच दिसायचे," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा मी कसा दिसतो ते बघावं."

"मग? दिसलास?"

"अजून ओळख व्हायची आहे."

मला तो पटला. माझ्या ओठावर पीठ वाळत होतं, तो पटणार नाही तर काय? पण अप्पांचंही मला दिसत होतं. एवढा उभा जन्म ज्या दरबारात काढला तो गेला. आपल्यामागे मुलाच्या तोंडावर आपण राहणार, एवढा एक भरवसा होता, तोही त्याने आपल्या डोळ्यांदेखत नाल्यात टाकून दिला. आई दोघांच्या मधे झिजत होती. दादाला म्हणायची, "वाढव रे. गवतासारखी येते, तुझं काय जातं?" दादा म्हणायचा, "तेच त्यांना सांग. गवतच आहे तर सोडून द्या."

दिवाळीनंतर कचेरी ग्वाल्हेरला हलली. निघताना दादा अप्पांच्या पाया पडला. अप्पांनी पेपरातून डोकं न काढता आशीर्वाद दिला.

थंडीत अप्पांना खोकला धरला, तो छातीत उतरला. डॉक्टर येऊन जात, आई शेक देत बसे. एका दुपारी अप्पांनी डोळे उघडले आणि आईला विचारलं, "ठेवली का गं त्याने?"

"मला काय ठाऊक," आई म्हणाली. "तो तिकडे."

त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली. पुढे आई जितकी वर्षं होती तितकी वर्षं एकच वाक्य मधूनच, भाजी चिरताना, वाती वळताना म्हणायची. "मी हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?" मी म्हणे, "आई, तुला माहीत नव्हतं." ती म्हणे, "म्हणूनच म्हणायला हवं होतं."

दादाला तार पोचली तेव्हा अप्पा गेलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला तोवर त्यांना त्याच्यासाठी ठेवलं होतं. ओट्यावर तीच माणसं, तीच पांढरी उपरणी. दादा टांग्यातून उतरला, त्याने तोंडावरचा मफलर सोडला, आणि मी पाहिलं. त्याला मिशी होती. अजून पुरती भरलेली नव्हती, पण टोकं वर वळायला लागली होती. आईने ती पाहिली आणि पदरात तोंड खुपसलं.

दादा अप्पांजवळ बसला. त्याने वाकून आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग मला म्हणाला, "एप्रिलात कचेरी इकडे आली की दाखवणार होतो. कळवलं नाही. म्हटलं, दारात उभं राहावं, बघू दे."

क्षौर मागच्या अंगणात, विहिरीजवळच झालं. न्हावीबाबाच आले होते. त्यांनी डोकं केलं, आणि ओठाशी त्यांचा हात पुन्हा थांबला.

"भैया, ये तो अभी आई है."

"इन्हीं के लिए थी बाबा," दादा म्हणाला. "उतार दो."

दिवस चालू असताना एका लांबच्या वृद्ध नातलगांनी आईचे केस उतरवायचा विषय काढला. आता असं कोणी करत नाही हे खरं, पण आपल्या घराची रीत म्हणून, वगैरे. आई खाली बघत होती. ती बहुधा हो म्हणाली असती. दादा उघड्या डोक्याने आणि उघड्या ओठाने पुढे येऊन बसला आणि म्हणाला, "या घरात केस उतरायचे ते माझे उतरले. आता कोणाचे उतरणार नाहीत." तो विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर आईने माझ्या ओठालाही कधी पीठ लावलं नाही. एका रविवारी मीच वाटी घेऊन तिच्यापुढे बसले, तर म्हणाली, "तुला हवं असेल तर तू लाव." इतक्या वर्षांची माझी मागणी मान्य झाली होती, आणि मला रडू आलं.

वर्षाच्या आत दादाने पुन्हा मिशी ठेवली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती पुरती भरली तेव्हा ग्वाल्हेरचा मुक्काम आटोपून तो परत आला, आधी न कळवता. दिवेलागणीची वेळ होती. आई पडवीत वाती वळत बसली होती. दारात टोपी हातात घेऊन कोणी उभं राहिलं, उजेड त्याच्या पाठीमागे होता. आई लगबगीने उठली, पदर सारखा केला, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि टोपी घ्यायला हात पुढे केला. अप्पा बाहेरून आले की ती रोज असंच करायची. टोपी हातात आली तेव्हा तिला कळलं. तिचं मोकळं मनगट तसंच पुढे राहिलं.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "आई," तो म्हणाला, "काढून टाकतो. उद्याच काढतो."

आईने टोपीवरची धूळ झटकली.

"राहू दे," ती म्हणाली. "मला सवय आहे."

मग तिने टोपी अप्पांच्या खुंटीला अडकवली आणि दादाला पाय धुवायला पाणी दिलं.