विहिरीचं पाणी दिसत नाही

माझ्या चित्राखाली माझं नाव नव्हतं.

भिंतीवर ओळीनं चित्रं लावली होती. प्रत्येकाखाली जाड पांढऱ्या कागदाची चिठ्ठी. वर चित्रकाराचं नाव, खाली चित्राचं नाव, मग गाव. कुणी मुंबईचे, कुणी पुण्याचे. मी एकेक वाचत माझ्या चित्रापाशी आलो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एका हरिजन युवकाचा प्रयत्न.'

बास. एवढंच.

मी परत वाचलं. वाटलं, नाव मागच्या बाजूला असंल. चिठ्ठीचा कोपरा उचलून बघितला. मागं कोरं. बाकीच्यांची ती चित्रं, आणि माझा प्रयत्न! आणि हरिजन हा शब्द. आम्हाला न विचारता आमच्या गळ्यात घातलेला. माझ्या आयला जाऊन विचारा, तू कोण? ती सरळ सांगंल, म्हारीण. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला मला काही विचारावं असं वाटलंच नव्हतं.

ही गोष्ट लोणावळ्याची. दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. खंडाळ्याकडं जाताना एका रावसाहेबांचा बंगला होता. मोठ्या नोकरीवरून पेन्शनीत आलेला माणूस, चित्रांचा शौकीन. बंगल्याशेजारी त्यांनी लांबलचक दालन बांधलं आणि त्याला नाव दिलं कलासंग्रहालय. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याचे चित्रकार तिथं यायचे. आपापल्या चित्रापाशी उभं राहून ते चित्र कसं सुचलं, कसं काढलं, ते सांगायचे. हवा खायला आलेली बंगल्याबंगल्यांतली मंडळी ऐकायला बसायची.

त्यांच्यात मी कुठून उपटलो? तर मी रेल्वेत बोर्ड रंगवायचो. बाप इंजिनांच्या शेडमध्ये राख ओढायचा. तो गेला आणि मला बोर्डवाल्या पेंटरच्या हाताखाली लावलं. स्टेशनांची नावं, 'रूळ ओलांडू नये', 'येथे थुंकू नये'. डब्याच्या बुडाला रंग उरायचा. पांढरा, काळा, थोडा तांबडा. फेकून दिलेले पत्रे मी घासूनपुसून घ्यायचो आणि त्या उरल्यासुरल्या रंगात चित्रं काढायचो. दाखवायला कोणी नव्हतं. खोलीत भिंतीकडं तोंड करून लावून ठेवायचो, शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

तळेगावचे एक ड्रॉइंग मास्तर शाळेचा बोर्ड रंगवून घ्यायला माझ्या खोलीवर आले होते. त्यांनी एक पत्रा उलटा करून बघितला.

"हे तू काढलंस?"

"व्हय."

त्यांनी शेजारचे आणखी दोन पत्रे उलटे करून बघितले. मग म्हणाले, "रावसाहेबांना दाखवतो. लावलं तर तुलाही तिथं उभं राहून बोलावं लागेल हं. येईल का बोलता?"

येईल म्हणालो.

कारण मला तेच पाहिजे होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? चित्र भिंतीला लागावं यापेक्षा, चित्रापाशी उभं राहून मला बोलता यावं, याचीच हाव होती. आजवर मी कोणाशीच बोललो नव्हतो. पेंटर सांगायचा, मी मान हलवायचो. लोणावळ्याच्या लाईनीत माझ्या जातीची घरं होती, पण त्यांना चित्राचं काय सांगणार? "काय करतो रं पत्र्यावर?" म्हणायचे, आणि हसून पुढं जायचे. महिनाभर मी सुट्टी झाली की रुळाच्या कडेकडेनं चालत जायचो आणि सिग्नलच्या खांबासमोर उभा राहून बोलायचो. "सभ्य स्त्रीपुरुषहो." खांब ऐकायचा बिचारा. शुद्ध बोलायचं म्हणून 'न्हाई'चं 'नाही' करायचो, 'पानी'चं 'पाणी'. जीभ वळून वळून दुखायची.

चित्र आमच्या गावच्या विहिरीचं होतं. टाकव्याच्या पुढं, आंदर मावळात आमचं गाव. विहिरीला दगडी काठ, वर चढायला चार पायऱ्या. आमच्या बायांनी पायऱ्यांच्या खाली थांबायचं. कळशी खाली दगडावर ठेवायची, आपण मागं सरायचं, आणि वर बघून म्हणायचं, "पानी वाढा वं माय." वरच्या बाईला दया आली तर ती वरून पोहरा ओतायची. नाही आली तर ऊन चढायचं. आयचं बोट धरून माझं सारं लहानपण त्या दगडापाशी उभं राहण्यात गेलं. तिथून जे दिसायचं तेच मी काढलं होतं. वर काठ. काठावर बायांची पावलं, जोडवी, लुगड्याचे भिजलेले काठ. घागरींची बुडं. खाली दगडावर आमची कळशी. तिला हात लावलेला कोणी नाही, कारण आय मागं सरलेली.

तर त्या दिवशी दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तर मागच्या ओळीत बसले होते. मला दाराजवळ स्टूल होतं. चहा सगळ्यांना कपबशीत आला, मला काचेच्या पेल्यात. त्याचं मला काही वाटलं नाही. सवय होती. अंगावर पडलेलं ओझं रोजचं असलं की खांद्याला कळत नाही. माझं सारं ध्यान माझ्या बोलण्यात.

पहिले मुंबईचे चित्रकार उठले. त्यांनी राजमाचीची दरी काढली होती, धुक्यातली. छानच होती, खोटं कशाला बोलू? धुकं कसं हाताला लागत नाही, त्यासाठी ते कसे आठ-आठ दिवस थांबले, ते सांगत होते. लोक माना डोलवत होते. मीही डोलवली. मला वाटलं, हा माणूस माझ्यासारखाच थांबलेला आहे कुठंतरी. मग पुण्याचे उठले, दाढीवाले. ते माणसांची चित्रं काढायचे. चेहऱ्याआडचा माणूस कसा शोधावा, यावर बोलले. ऐकता ऐकता मी विसरूनच गेलो की मी स्टुलावर आहे.

मग माझं चित्र आलं. मी उठलो. 'सभ्य स्त्रीपुरुषहो' ओठावर आलं होतं.

रावसाहेब म्हणाले, "बस, बस. याच्याविषयी मीच दोन शब्द सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. हा हिरा कसा कोळशात सापडला. याला शिक्षण नाही, संस्कार नाहीत, तरी हातात काहीतरी आहे. अशांना आपण जवळ केलं पाहिजे. टाळ्या पडल्या. टाळ्या रावसाहेबांना होत्या. मी उभाच होतो. बसावं की उभं राहावं, ते कळेना.

मग चित्रकार माझ्या चित्रापाशी आले आणि चर्चा सुरू झाली. माझ्यासमोर, माझ्या चित्राची. मी तिथं नसल्यासारखी.

"पत्र्यावर काढण्याची कल्पना गमतीची आहे."

"पावलं चांगली साधलीत. पण चेहरे कुठं आहेत?"

"आणि मुख्य दोष बघा," दाढीवाले म्हणाले, "विहिरीचं चित्र आहे, आणि पाणीच दिसत नाही! पाणी काढायचंच विसरला की हा."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत. लहान पोरानं चप्पल उलटी घातली की हसतात, तसे हसले. ते मला जास्त लागलं.

दाढीवाले माझ्याकडं वळले. समजुतीनं बोलले. "अरे, तू फार खालून बघितलंस. जरा वरून बघायचं. काठावर उभं राहायचं आणि खाली बघायचं, की दिसलं पाणी. सोपं आहे."

काठावर उभं राहायचं. सोपं आहे!

रावसाहेब म्हणाले, "एवढं दुरुस्त करून दे. पाणी घाल त्यात. मग हे चित्र आपण इथं कायमचं ठेवू."

कायमचं. देवाशप्पथ सांगतो, एक क्षण माझी मान हलणार होती. काय लागत होतं? काठ थोडा खाली ओढायचा, चार फटकारे निळे मारायचे. आयुष्यभर भिंतीवर राहिलं असतं. पण मी चित्राकडं बघितलं आणि मला आयची कळशी दिसली. पाणी दाखवायचं तर काठ खाली आणावा लागणार. काठ खाली आणला की ती कळशी राहात नाही, आय उभी होती ती जागा राहात नाही. ती जागा पुसून मग मी तिथं कायमचा राहणार होतो.

महिनाभर घोकलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. जे आलं ते माझ्या गावचं आलं.

"त्या विहिरीचं पानी म्या कदी बघितलंच न्हाई. आमाला काठावर येऊ देत न्हाईत."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता यांना कळलं. आता कोणीतरी काहीतरी बोलंल.

बोलले दाढीवाले. "मग कल्पनेनं काढ की! कलावंताला कल्पना नको का?"

धुकंवाले खिडकीबाहेर बघत होते. ज्या माणसाला मी माझ्यासारखा समजलो, तो बाहेरची झाडं बघत होता. आणि रावसाहेब म्हणाले, "तो विषय इथं नको. इथं आपण फक्त कलेचं बोलू. चला, पुढचं चित्र."

आणि खरंच सगळे पुढच्या चित्राकडं गेले. एवढ्या माणसांत मी जसा एकटा पडलो, तसा सिग्नलच्या खांबापाशीही कधी पडलो नव्हतो. खांबाला निदान दुसरीकडं बघता येत नव्हतं. माझं पाणी पाणी झालं. आणि मग, कसं सांगू, आतून काहीतरी तापून वर आलं. च्यायला, म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी मला कुठं उभं राहायचं ते सांगावं?

मी हात वर केला आणि पत्रा खिळ्यावरून उचलला.

"अरे, अरे! लावलेलं चित्र असं काढतात का?" रावसाहेब ओरडले.

"माझं हाय," मी म्हणालो.

चिठ्ठी तिथंच राहू दिली. ती त्यांची होती.

मास्तर व्हरांड्यात धावत आले. चेहरा पांढराफटक. "डोकं फिरलंय का तुझं? मी तुझ्यासाठी शब्द टाकला, आणि तू चारचौघांत माझं नाक कापलंस!"

मास्तर वाईट माणूस नव्हता. म्हणूनच मला रडू फुटायला आलं. म्हणालो, "मास्तर, तुमाला माझं नाव म्हाईत हुतं. तुमी तरी सांगायचं हुतं."

ते पायातल्या वहाणांकडं बघत राहिले. मी पायऱ्या उतरलो.

लोणावळ्याहून गाडी धरली, वडगावला उतरलो. डब्यात एकानं विचारलं, "बोर्ड हाय का रं?" मी व्हय म्हणालो. आणखी काय सांगणार? वडगावहून टाकव्याची वाट पायी. पत्रा या काखेतून त्या काखेत घेत होतो, त्याची कड हाताला कापत होती. शेतांत भाताची कापणी चालली होती. ओळखीचं कोणी भेटू नये असं वाटत होतं, आणि कोणीच भेटलं नाही, तर तेही खात होतं. घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता.

आय चुलीपाशी होती. तिनं माझं तोंड बघितलं. मी पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. या खेपेला तोंड बाहेर करून. ती हात पुसत आली, उकिडवी बसली, बघत राहिली.

"ही माझी कळशी," ती म्हणाली. "ह्यो पोचा बघ. तुझ्या बाच्या हातनं पडलेला."

मी म्हणालो, "आय, लोकं म्हनत्यात, यात पानी दिसत न्हाई."

"आरं, कसं दिसंल? हितनं कुनाला दिसलंय?"

सगळ्या दालनाला जे कळलं नाही, ते हिनं बसल्या बसल्या सांगितलं. पण माझ्या मनात दुसरंच काहीतरी घुसलं होतं. मी विचारलं, "आय, तू कवा बघितलंस गं त्या हिरीचं पानी?"

सासरी आल्यापासून ती तेच पाणी पीत होती.

"कळशीत पडल्यावर," ती म्हणाली. "हिरीत न्हाई बघितलं."

असं म्हणून ती भाकरी थापायला गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ते मला सहन झालं नाही. रावसाहेबांचा राग येऊन गेला होता. हा राग गेला नाही, आजही गेला नाही. तिला विशेष वाटत नव्हतं आणि मलाही एवढी वर्षं वाटलं नव्हतं. मी पावलं काढली, जोडवी काढली, लुगड्याचे काठ काढले. जिथं उभं केलं तिथं उभा राहून, जे दाखवलं ते इमानानं काढलं. आणि चित्र झालं म्हणून खूश झालो.

चित्र खोटं नव्हतं. त्यात पाणी घालायचं नव्हतं, आजही घालणार नाही. पण तसलं दुसरं चित्र काढायचं नाही, असं मी त्या चुलीपाशी ठरवलं.

सकाळी उठलो. पिशवीत काळ्या रंगाची डबी होती. पत्र्याच्या खालच्या कडेला माझं नाव लिहिलं, स्टेशनच्या बोर्डाची असतात तसल्या ठसठशीत अक्षरांत, चालत्या गाडीतूनही वाचता येईल एवढं. मग कोपऱ्यातला दोर खांद्यावर टाकला आणि आयची कळशी उचलली. मार पडणार, हे ठाऊक होतं. घर जाळतील, हेही ठाऊक होतं. तिकडं कोकणात आपल्या लोकांनी तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं, तेव्हा त्यांनाही ठाऊकच असणार.

आय दारात आडवी आली. कळशीकडं बघितलं, खांद्यावरच्या दोराकडं बघितलं. पाणी वाढून घ्यायला दोर लागत नाही. तिला कळलं.

"कुटं रं?"

"काठावर."