टोपी-दुपट्टा आणि माझी याददाश्त

आमच्या भावकीत लग्न लागलं की जेवणाआधी पाहुण्यांना टोपी-दुपट्टा द्यायचा, आणि ज्याला द्यायचा त्याला माईकवरून गावाच्या नावानं बोलवायचं. आधी मामा, मग जावई, मग व्याही. क्रम चुकला की माणूस न जेवता उठतो आणि पुढं वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाही. हे बोलावण्याचं काम माझं. हातात कधी चिठ्ठी धरली नाही. मास्तरकी करून रिटायर झालो, पण लोक मला ओळखतात ते माईकवाला म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात मी कामरगावच्या मामाला दोनदा बोलावलं. तो गडी दोन्ही वेळा आला, दोन टोप्या घेऊन गेला, हूं नाही की चूं नाही. ज्याचा नंबर हुकला तो मालेगावचा मामा मात्र पत्रावळीवरून उठला. पुढं माझ्या पुतण्याच्या पोरीचं लग्न जमलं, तेव्हा पुतण्या चहा पिता पिता म्हणाला, "काका, या खेपेस वाशीमचा अँकर सांगू. तुमी आराम करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आराम कायले करू? तो काय करते असा?"

"शायरी म्हनते."

"शायरीनं जावयाचा रुसवा निघते का बे?"

पुतण्या नरमला. म्हणाला, "मंग याददाश्त तेवढी सुधरवा. लग्नाले अजून टाइम हाये."

गेलो वाशीमच्या डॉक्टरकडे. त्यानं तपासलं आणि सांगितलं, वयाप्रमाणे ठीक आहे, मेंदूला रोज काहीतरी नवं काम द्या. डाव्या हातानं दात घासा, रोजचा रस्ता बदला, किराणा चिठ्ठीशिवाय आणा.

डाव्या हातानं पहिल्याच सकाळी सगळी पेस्ट मिशीत घातली. बायको म्हणाली, "अवो, दात तोंडात असतात." मग साखर, जिरं, हिंग आणायला गेलो आणि जिरं, हिंग आणि झाडू घेऊन आलो. झाडू कुठून आला ते आजवर मला कळलं नाही. बायकोनं तो हातात घेऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, तेव्हा मी अंगणात निघून गेलो.

रस्ता बदलायचं तर विचारूच नका. स्टँडकडे जायचं सोडून शेताकडच्या पांदीच्या वाटेनं निघालो, तर गावातल्या एकानं मोटरसायकल थांबवली. "काका, इकडं कुठं?"

"मेंदूचा व्यायाम करून राह्यलो."

त्यानं मला मागं बसवलं, घरी आणून सोडलं आणि बायकोला हळूच सांगितलं, "काकू, यायले एकटं सोडत नका जाऊ." दुपारपर्यंत गावभर झालं की मास्तर भरमले. संध्याकाळी शेजारच्या दोघीजणी केळी घेऊन मला पाहायला आल्या. केळी चांगली होती, म्हणून मी काही बोललो नाही.

मुख्य व्यायाम पाहुण्यांच्या क्रमाचा. सकाळी ओट्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणायचो, कामरगाव, मालेगाव, किन्हीराजा. एक दिवस पिशवी घेतलेली एक बाई येऊन थांबली. "भाऊ, मालेगावची जीप कवा सुटते?"

"बाई, इथं जीप नाही."

"मंग बोंबलून कायले राह्यले?" म्हणून ती रागानं निघून गेली.

हसा तुम्ही. मला हसू येत नव्हतं. माईक गेला की म्हाताऱ्याला कुठं बसवतात ते मी पाहिलेलं आहे. पंख्यापाशी खुर्ची देतात, आणि येणारा जाणारा विचारतो, 'बाबा, जेवले का?' एवढंच विचारतात, दुसरं काही नाही. त्याची मला भीती वाटत होती.

लग्नाच्या दिवशी पुतण्या माझ्या बाजूलाच उभा होता, माईक काढून घ्यायच्या तयारीत. मी सुरू केलं. सगळे मामा ओळीनं बोलावले, एक इकडचा तिकडं नाही. समजूत घालून आणलेल्या मालेगावच्या मामाला टोपी घालताना तर थोडं जास्तच मोठ्यानं बोललो. छाती फुगली होती. मग जावई.

"किन्हीराजाचे जावई, आमच्या घरचे थोरले जावई, मंडपात या."

कोणी उठलं नाही. पुन्हा बोलावलं. मग माझं डोकं फिरलं. "थोरले जावई, पानठेल्यावर असान तं तंबाखू थुका अन् या. दर लग्नात तुमची वाट पाहा लागते."

आचारीसुद्धा झारा धरून पाहत राहिला. आणि तेव्हा मला आठवलं. थोरले जावई म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, माझा जिवाचा माणूस. हिवाळ्यात गेला. खांदा मी दिला होता. डोक्याला सगळं ठाऊक होतं, पण रोज घोकलेला क्रम जुन्या लग्नांचा होता, आणि त्या क्रमात तो होताच. जमीन फाटावी आणि आत जावं असं झालं मला. पुतण्यानं माईकवर हात ठेवला. "काका, द्या इकडं."

तेवढ्यात बायांच्या बाजूनं, अगदी मागून, बहीण उठली. नवरा गेल्यापासून ती कोणत्याच कार्यात पुढं येत नव्हती, आणि तिला कोणी बोलावतही नव्हतं. खुर्च्यांमधून वाट काढत, डोक्यावरचा पदर सावरत ती आली आणि माझ्यासमोर दोन्ही हात पसरले.

"बाई, चुकलं माझं," मी म्हणालो. माईक चालूच होता.

"काय चुकलं?" ती म्हणाली. "सकाळपासून त्यायची कोनी यादसुद्धा नाही काढली, दादा. मी वाटच पाहून राह्यली होती."

मी टोपी-दुपट्टा तिच्या हातावर ठेवला. पुतण्यानं माईकवरचा हात काढला, पण आता मला पुढचा जावई आठवेना. खरंच आठवेना. डोळे भरून आले होते, समोरची माणसं दिसत नव्हती.

टोपी छातीशी धरून ती तिथंच उभी राहिली. "मंगरूळचे," ती हळूच म्हणाली.

"मंगरूळचे जावई," मी बोलावलं, "मंडपात या."