ओट्याचं माप

आमच्या घरचं स्वयंपाकघर जन्मात कधी भात न शिजवलेल्या माणसांनी बांधलं. एवढं सांगितलं तरी पुढचं शहाण्याला कळावं. पण तेव्हा आमच्या घरात कुणालाच कळलं नाही, म्हणून सगळं सांगते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली. खाली बसले की उठता येईना. पवनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसून काम करायचं नाही. सांगायला त्यांचं काय जात होतं? आमचं गाव दिघोरीच्या बाजूचं, सगळे धानवाले, आणि ऐंशीच्या आसपासच्या त्या काळात बाईचं सगळं काम जमिनीवरच असायचं. चूल खाली, पाटा खाली, विळी खाली, जेवणारेही खालीच. डॉक्टरांचं म्हणणं नवऱ्याने घरी सांगितलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "उभ्यानं सयपाक? आमी का बसून करता करता मेलो का?"

मेल्या नव्हत्या, हे खरंच. पण रोज मला चुलीपुढून हाताला धरून उठवायचा त्यांना कंटाळा आला. घरात कुजबुज सुरू झाली, की हिला काही दिवस माहेरी नेऊन सोडावं. काही दिवस म्हणजे किती, ते कोणी बोलत नव्हतं. आमच्याच आळीतली एक सून दम्यापायी अशीच काही दिवस माहेरी गेली होती आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिच्या जागी दुसरी आली. तेव्हा उभ्याचा ओटा ही माझी हौस नव्हती. त्या घरात राहायचं तर मला तो हवाच होता.

नवऱ्याने महिनाभर टुमणं लावलं तेव्हा कुठे मामाजींनी ओट्यासाठी नवी खोली बांधायचं मनावर घेतलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा हुकूम असा, की खायचं आणि बियाण्याचं धान ठेवून जे विकलं जाईल तेवढ्यातच सगळं बसलं पाहिजे. मग काटकसर सुरू झाली आणि काटकसरीत आमच्या घराचा हात कोणी धरू शकत नसे. विटा घरच्याच पाडल्या. छपराचे कवेलू जुन्या गोठ्यावरचे काढले, त्यामुळे पावसाळाभर म्हशी भिजल्या. फरशी पवनीच्या कुणाच्या तरी पाडलेल्या घरातली, एक कोपरा उडालेली. सिमेंट परमिटाशिवाय मिळत नव्हतं. मामाजींनी तहसिलीत चकरा मारून ते आणलं आणि चोर नेईल या भीतीने स्वतःच्या खाटेखाली ठेवलं. घरात येईल त्या पाहुण्याला आधी सिमेंट दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

मला मात्र कोणी काही विचारलं नाही. मामाजी, नवरा आणि गवंडी अंगणात उकिडवे बसून काडीने धुळीत रेघा ओढायचे आणि संध्याकाळी कोंबड्या त्या पुसून टाकायच्या. खिडकी कुठे, तर गोठ्याच्या दिशेने, म्हणजे चोर आला तर दिसेल. धूर कुठून जाणार, तर जाईल कुठूनही. मी नवऱ्याला बजावून सांगितलं होतं, "बाकी काय करायचं ते करा, पण ओटा माझ्या कमरेइतका." तो म्हणाला, "हो हो, सांगतो." त्याच्या या हो-होवर मी विश्वास ठेवला.

मी स्वतः का सांगितलं नाही, असं आजची पोरं विचारतील. गवंडी हा मामाजींचा नात्यातला, वयाने त्यांच्याहून मोठा. त्याच्यासमोर सुनेने जायचं नाही. आणि मामाजींशी तर लग्न होऊन आल्यापासून मी एक शब्दही बोलले नव्हते. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगणार. बाहेर बसलेल्या पुरुषांना चहा झाला हे कळवायचं तर आतून दाराची कडी वाजवायची. एवढीच काय ती आमची बोलचाल.

ज्या दिवशी ओटा धरला त्या दिवशी मी मधल्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. गवंड्याने विचारलं, "उंची किती धरू?" मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. तो काही बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "अबे, उभा राय भिताडाले लागून." आणि माझा नवरा, बांबूसारखा उंच माणूस, मुकाट्याने भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गवंड्याने त्याच्या कमरेशी कोळशाने रेघ मारली.

मी जिवाच्या आकांताने कडी वाजवली. "चहा झाला वाट्टे," गवंडी म्हणाला. तिघेही हात धुवायला गेले.

चहा झालाच नव्हता. तो करावा लागला, तोही खाली बसून, चुलीपुढे. आत्याबाई वर मलाच म्हणाल्या, "चहा मांडला नाही अन् कडी काहून वाजवून राहिली?" मी त्यांना रेघेचं सांगितलं. त्यांनी जाऊन मामाजींना सांगितलं. मामाजींचा निरोप आला, की गड्यामाणसाला जो ओटा पुरतो तो बाईला पुरणार नाही असं कसं होईल? रात्री नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाबांच्या मधात कसा बोलू? होईल तुले सवय."

ओटा झाला. गुळगुळीत, मजबूत, वर कोपरा उडालेली फरशी, आणि उंची माझ्या छातीशी. मी त्याच्यापुढे उभी राहिले की दुकानात गोळी घ्यायला आलेलं पोर दिसावं तशी दिसायची. ओट्यावर मातीची चूल बसवली होती. तिच्यावर भाताचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवलं की आत काय चाललंय ते मला दिसत नसे, वासावरून ओळखायचं. गाव मात्र ओटा बघायला लोटलं. बायका फरशीवरून हात फिरवून म्हणायच्या, मजा आहे बा तुझी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत. मी हसून मान डोलवायची आणि मनातून सगळ्यांचा राग राग करायची.

ओटा फोडून नीट करा म्हणायची सोय नव्हती. सिमेंट संपलं होतं, पैसे संपले होते आणि मामाजींना आपलं काम फार आवडलं होतं. मग मी पायाखाली पाट घेतला. चढ, उतर, सरक, पुन्हा चढ. ज्या कमरेसाठी हे सगळं केलं तिचा या कसरतीत भुगा झाला. एके दिवशी भातातलं पाणी, म्हणजे मांड, गाळताना पाट सरकला. गंज सुटला नाही, पण उकळता मांड मनगटावर आला. मी ओरडले नाही. रडले मात्र भरपूर, दुखण्यापेक्षा संतापाने.

हात भाजलेला पाहूनही मामाजी गप्प बसणारे नव्हते. ते ओसरीवरून मोठ्याने म्हणाले, "तिले उभ्यानं होत नाही अन् बसूनही होत नाही. तिचं काय ते मंग पाहू. खोली कोरडी हाय. औंदाचे धानाचे पोते तेथं ठेवू." मला सगळं ऐकू गेलं. ऐकू जावं म्हणूनच ते बोलत होते. खोलीत एकदा पोती लागली की ती पुढच्या पावसापर्यंत हलणार नव्हती, आणि पोत्यांच्या आधी माझी पेटी माहेरी गेली असती.

कापणी सुरू झाली. घरातले पुरुष सकाळी धानाच्या बांधीवर जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. आमच्या आळीत एकाने विहीर खोदली होती आणि तिचा मुरूम रस्त्यावर पडून होता, न्या म्हणून तो सगळ्यांच्या पाया पडत होता. ओटा खाली येत नाही तर मीच वर जाते, असं मी ठरवलं. माझ्या कमरेने टोपली उचलणं शक्य नव्हतं. कापणीला न जाऊ शकणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायांना मी विनवलं. त्यांनी डोक्यावरून मुरूम आणून नव्या खोलीत टाकला आणि मी पाणी शिंपडत, पायाने पसरवत राहिले.

आत्याबाई दुपारी आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं बघितलं. आता बोलणी बसणार म्हणून मी खाली मान घातली. त्या म्हणाल्या, "कोपऱ्यात दाबलं नाही. उंदरं लागतीन." आणि धुमस उचलून त्यांनी स्वतःच कोपरे चोपायला सुरुवात केली. चोपताना तोंड चालूच होतं: मुरूम जाड आणला, पाणी जास्त मारलं, असं करतात का? मध्येच थांबून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि फरशीवर तळहात टेकवून पाहिला. त्या माझ्याहूनही ठेंगण्या होत्या. "आनखी दोन टोपल्या पायजे," म्हणाल्या.

दोन टोपल्या आणखी टाकल्या. सगळी मिळून वीतभर जमीन वर आली. सारवून, वाळवून मी तिच्यावर उभी राहिले तेव्हा चुलीवरचा गंज मला वरून दिसला, आतला भातही दिसला. मला इतकं हलकं वाटलं की मी विनाकारण तो गंज दोनदा उचलून ठेवला. दारातून आत यायला मात्र आता पायरी चढल्यासारखं चढावं लागत होतं. आम्हा दोघींना त्याचं काही वाटलं नाही, आणि पुरुषांची पानं ओसरीवरच वाढली जायची, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही.

मळणी आटोपली आणि धानाच्या गाड्या दारात आल्या. मामाजी गडी घेऊन पुढे झाले, खोली दाखवायला. पायरी चढायला त्यांनी पाय उचलला आणि चौकटीच्या वरच्या लाकडाने त्यांच्या कपाळाचा असा काही आवाज काढला की गडी जागच्या जागी थांबले. मामाजी कपाळ धरून दाराकडे बघत राहिले. पाठीवर पोतं घेतलेल्या पहिल्या गड्याने वाकून पाहिलं, आडवं होऊन पाहिलं, आणि मागे सरला. पोत्यासकट त्या दारातून कोणी आत शिरू शकत नव्हतं.

"हे दार काहून बुटकं झालं?" मामाजींनी विचारलं. कुणाला विचारलं ते त्यांनाही ठाऊक नसावं. आत्याबाई सवयीने माझ्याकडे वळल्या, माझं उत्तर त्यांना पोचवायला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दार तेवढंच हाय, मामाजी," मी म्हणाले. "जमीन माह्या मापाची केली."

माझा नवरा गाडीच्या चाकाकडे बघत होता. मामाजींनी कपाळावरचा हात काढला, गड्यांना म्हणाले, "पोते ओसरीत टाका." मग कधी नव्हे ते माझ्याकडे बघून विचारलं, "भात झाला का?"

झाला होता. ते वाकून आत आले.