आबांची जर्मन कट्यार

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, खोटं बोलत नव्हते, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना खोटं ठरवणारे चुलतेही गेले, तरी माझा हट्ट काही जात नव्हता. आई गेल्यावर कागलच्या घरातून मी दुसरं काही मागितलं नाही. आबांची कट्यार तेवढी टॉवेलात गुंडाळून कोल्हापूरला घेऊन आले.

आबा तरुणपणी पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले होते. त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पेन्शन येत होती, पोटरीवर गोळीचा व्रण होता. शंका होती ती कट्यारीबद्दल. ती आपल्याला एका जर्मन सैनिकानं दिली, असं आबा सांगायचे. चुलते चारचौघांत म्हणायचे, "कुठली जर्मनी न् फिर्मनी! बाजारातनं आणलीया त्येनं. आल्या पावण्याला दावाय कायतरी पायजे की!" लोक हसायचे. आधी आबाही हसायचे. पुढं पुढं मात्र त्यांनी ती गोष्ट सांगायचीच सोडून दिली. चुलत्यांचा मला जो राग आला तो आजतागायत आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे विळे, कोयते, कुऱ्हाडी घासूनपुसून पूजेला मांडत. मधोमध मान या कट्यारीचा. चिंच आणि राख लावून ती इतकी घासायची की पात्यात तोंड दिसलं पाहिजे. आबा स्वतः उभे राहून म्हणायचे, "घासा, आजून घासा." मुठीखालच्या आडव्या पट्टीवर पंख पसरलेला गरुड होता आणि त्याच्या पायांत स्वस्तिक. आई हळदकुंकू आधी तिथं वाहायची. "देवाधरमाची माणसं असणार बिचारी," म्हणायची. त्या बिचाऱ्यांनी जगात काय करून ठेवलं होतं, ते मी शाळेत इतिहास शिकवायला लागल्यावर तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी तिनं कट्यारीवर नुसतं फूल ठेवलं.

गेल्या वर्षी ओळखीतून मला एका निवृत्त प्राध्यापकांबद्दल कळलं. रंकाळ्याच्या अलीकडे राहतात, जुनी शस्त्रं जमवतात आणि पारखतात. कट्यार हातात घेताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"ताई, हे एवढं कुणी घासलं?"

"आम्हीच. दरवर्षी."

"अहो, जुन्या शस्त्रावर जो काळपटपणा चढतो ना, त्यावरून तर आम्ही त्याचं वय ओळखतो! आणि बनवणाऱ्याचा छाप असतो पात्याच्या बुडाशी. इथं तर सगळं गुळगुळीत."

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे पुरावा होता, आम्हीच भक्तिभावानं तो घासून टाकला! छाप चिंचेनं खाल्ला, गरुडाची पिसं राखेनं नेली, आबा खरेच. मी तसं बोलूनही दाखवलं.

सर कट्यार घेऊन उठले. खिडकीपाशी जाऊन भिंग लावलं आणि मलाही बोलावलं. "घासल्यावर आधी उंचवटे झिजतात. खाचेत हात पोचत नाही, तिथं रेघ शिल्लक राहते. आता पिसांच्या मधल्या खाचा बघा." मी बघितल्या. रेघ नव्हती. बारीक बारीक खड्डे होते, रव्यासारखे. "ही नक्षी झिजलेली नाही ताई, ती मुळात उठलेलीच नाही. वाळूच्या साच्यात ओतकाम केलंय." वाळूचा साचा म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं फाउंड्रीत आहेत.

मग त्यांनी मुठीच्या टोकाची टोपी फिरवून मूठ उतरवली. खऱ्या कट्यारीत पातं आणि मुठीतला दांडा एकाच लोखंडाचा असतो म्हणे. इथं दांडा वेल्डिंग करून जोडला होता. त्यात चिंचेचा आणि राखेचा काही दोष नव्हता. सर हळू आवाजात म्हणाले, "आणि तसंही, ही अधिकाऱ्यांची मिरवायची कट्यार. लढाईत ती कमरेला कोण लावणार?"

"तुमचं भिंग बदला," असं म्हणून मी उठले. बिचाऱ्यांनी मनावर घेतलं नाही, उलट चहा घ्यायला लावला. रिक्षात मात्र मला रडू आवरेना. चुलते खरे निघाले होते. मेलेल्या माणसापुढं असं हरायची वेळ कुणावर येऊ नये.

पुढं कितीतरी दिवस मी आबांवर चिडून होते. स्वतःला नवी चप्पल घ्यायची तर चार महिने विचार करणारा माणूस कुठल्याशा वर्कशॉपात जाऊन खोटी कट्यार करून घेतो? कशासाठी? पावण्यांसाठी? मग एका दुपारी तांदूळ निवडताना ती गोष्ट पहिल्यापासून त्यांच्याच आवाजात आठवायला लागले.

"त्यो भित्तीला टेकून बसलावता. पोटात गोळी. मी बाटली म्होरं केली. पाणी प्याला. माझ्याकडं बघिटलं न् कायतरी बोलला, मला काय कळलं न्हाय." इथपर्यंत आल्यावर आबांचा आवाज बसायचा. दरवेळी इथंच. मग ते एकदम कट्यार पुढं करायचे, "ह्ये बघा, ह्ये दिलं मला." आणि आम्ही भावंडं तिच्यावर तुटून पडायचो. मला दे, मला दे. त्या गलक्यात आबा उठून गोठ्याकडं जायचे.

कट्यार खोटी होती. बसलेला आवाज कुणी वर्कशॉपात करून देत नाही. इटलीहून काही न घेता परत आलेल्या माणसाला ती भिंत आणि ती बाटली कुणाला तरी सांगायची होती. नुसत्या सांगण्याकडे कुणी लक्ष दिलं नसेल, म्हणून त्यांनी हातात धरायला काहीतरी आणलं असेल. आम्ही त्याच्याकडेच बघत राहिलो. चुलते बघत राहिले, मीही म्हातारी होईपर्यंत भिंगातून तेच बघितलं.

आबा, एकदा या हो. कट्यारीचं नावसुद्धा काढणार नाही. गोठ्यात तुमच्याशेजारी बसेन आणि एवढंच विचारेन, पाणी प्याल्यावर त्यो जगला का वो?